पेवाची चिठ्ठी आणि जावाचे पॅरामीटर

प्रश्न थोडक्यात असा: "मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन आकड्यांची अदलाबदल करणारी मेथड लिहिली, पण बाहेर आकडे जसेच्या तसे राहतात. अ‍ॅरे दिला तर आतला बदल बाहेर दिसतो. ऑब्जेक्ट दिला तर त्याचं फील्ड बदलतं, पण मेथडच्या आत न्यू करून त्याच नावात नवा ऑब्जेक्ट ठेवला तर बाहेर काहीच होत नाही. सर म्हणतात, साधे प्रकार व्हॅल्यूने जातात आणि ऑब्जेक्ट रेफरन्सने. एका व्हिडिओत म्हटलंय, सगळंच व्हॅल्यूने. खरं कोणतं? आणि शिकायला एक्लिप्स घेऊ, इंटेलिजे, व्हीएस कोड, की नोटपॅडच बरं? लॅपटॉप ४ जीबीचा आहे."

व्हिडिओतलं खरं आहे. जावात प्रत्येक पॅरामीटर, म्हणजे मेथडला आपण जे देतो ते, व्हॅल्यूनेच जातो, एकही अपवाद नाही. सरांना लगेच खोटं पाडायला जाऊ नकोस मात्र. त्यांना जे घडताना दिसतं ते बरोबरच आहे, नाव तेवढं चुकलंय. पण त्या चुकलेल्या नावामुळेच तुझा न्यूचा प्रयोग तुला कोड्यात टाकतोय. ऑब्जेक्ट खरोखर रेफरन्सने गेला असता, तर नवा ऑब्जेक्टही बाहेर दिसायला हवा होता.

तू सांगलीची आहेस, म्हणजे हरिपूरची पेवं ऐकून तरी माहीत असतील. जमिनीत खणलेलं, अरुंद तोंडाचं आणि मोठ्या पोटाचं कोठार. त्यात हळद भरायची, तोंड बंद करायचं, आत हवाच नाही म्हटल्यावर किडीचं काही चालत नाही. २००५ च्या महापुरानंतर त्यांचा वापर फार कमी झाला, आता बहुतेक माल वखारीत किंवा शीतगृहात जातो. पण जावाची मेमरी समजावताना मला अजून पेवाइतकं सोयीचं दुसरं काही सापडलेलं नाही.

असं धर की हळद पेवात आहे आणि तुझ्या हातात एक चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर लिहिलंय, पेव नंबर १७. हळद म्हणजे ऑब्जेक्ट, पेवांचं मैदान म्हणजे हीप, चिठ्ठी म्हणजे तुझं व्हेरिएबल. व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट कधीच नसतो, नुसता नंबर असतो. इंट किंवा डबलसारख्या साध्या प्रकारांचं वेगळं: तिथे चिठ्ठीवर थेट आकडाच लिहिलेला, पेवबिव काही नाही.

आता मेथडला कॉल करतेस तेव्हा काय होतं? चिठ्ठीची झेरॉक्स निघते. मूळ चिठ्ठी तुझ्या खिशात, झेरॉक्स मेथडच्या हातात. साधा आकडा असो की पेवाचा नंबर, चिठ्ठीवर जे काही लिहिलंय त्याची नक्कल जाते. पास बाय व्हॅल्यू म्हणजे एवढंच.

तुझे सगळे प्रयोग आता यावर लावून बघ. अदलाबदल करताना मेथडने स्वतःच्या दोन झेरॉक्सवरचे आकडे खोडून एकमेकांवर लिहिले. काम संपलं, झेरॉक्स कचऱ्यात गेल्या, तुझ्या खिशातल्या चिठ्ठ्यांना कुणी हातही लावला नाही. फील्ड बदललं तेव्हा मेथड झेरॉक्सवरचा नंबर वाचून १७ नंबरच्या पेवात उतरली आणि चार पोती काढून आली. तुझ्याही चिठ्ठीवर १७ च आहे, मग उद्या तू उतरलीस तर पोती कमीच दिसणार. आणि न्यू केलंस तेव्हा मेथडने २३ नंबरचं नवं पेव खणलं, झेरॉक्सवरचा १७ खोडून २३ लिहिला आणि पुढचं सगळं काम २३ मध्ये केलं. तुझ्या चिठ्ठीवर अजून १७. अ‍ॅरेचं काही निराळं नाही, जावात अ‍ॅरे हाही ऑब्जेक्टच, म्हणजे पेवच.

ही उपमा एका ठिकाणी फसते, तेही सांगून ठेवतो. खरं पेव जागचं हलत नाही. जावाची गार्बेज कलेक्शनची यंत्रणा मात्र ऑब्जेक्ट उचलून दुसरीकडे नेऊन ठेवते आणि ज्या ज्या चिठ्ठीवर त्याचा पत्ता होता तो गुपचूप दुरुस्तही करते. म्हणून रेफरन्स म्हणजे मेमरीतला पत्ता, असं बेधडक लिहू नकोस. पत्त्यावर सीमध्ये बेरीज-वजाबाकी करता येते, इथे तसलं काही करता येत नाही. आणि ज्या पेवाचा नंबर कुठल्याच चालू चिठ्ठीवर उरला नाही, ते पेव ही यंत्रणा मोकळं करते. हा भाग उपमेत चपखल बसतो.

मग पास बाय रेफरन्स म्हणजे काय? त्याची एकच कसोटी मी मानतो. भाषेत अशी अदलाबदल मेथड लिहिता येते का, जी कॉल करणाऱ्याच्या दोन व्हेरिएबलांतल्या किमती खरंच बदलेल? सी प्लस प्लसमध्ये पॅरामीटरला अँपरसँड लावून ती लिहिता येते. सी शार्पमध्ये रेफ हा शब्द लावून येते. तिथे मेथडच्या हाती झेरॉक्स पडत नाही, तुझ्या खिशातली मूळ चिठ्ठीच पडते. जावात अशी मेथड लिहिता येत नाही. सीमध्ये पॉइंटर (पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) वापरून जमतं, पण तिथेही जाते ती पॉइंटरची नक्कलच, हे लक्षात ठेव. आपल्याकडची बरीच मुलं सी आधी शिकतात आणि तिथलं अर्धवट समजलेलं जावात घेऊन येतात. गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो.

एवढं वाचून तू मान डोलावशील आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा अडकशील. मीही तसाच अडकायचो. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, डोळ्यांनी बघ. आणि इथेच तुझे दोन्ही प्रश्न एक होतात. कोणतं टूल घ्यावं, याचं माझं उत्तर असं: ज्यात तुला चिठ्ठीवरचा नंबर वाचता येईल ते.

नोटपॅडवाल्यांकडेही हे बघायची सोय आहे, फारसं कुणी वापरत नाही एवढंच. जेडीकेबरोबर, म्हणजे जावा लिहिण्या-चालवण्याच्या अवजारांच्या संचाबरोबर, जावा-पी (javap) नावाचं छोटं अवजार येतं. कंपाइल झालेल्या क्लासवर ते वजा-सी (-c) हा पर्याय देऊन चालव, आतल्या सूचना उलगडून दाखवतं. दोन इंट घेणारी तुझी स्टॅटिक अदलाबदल मेथड घे (जावात व्हेरिएबलला देवनागरी नावही चालतं, म्हणून अ, ब आणि तात्पुरता म्हणू). अ हा कप्पा शून्यमध्ये, ब कप्पा एकमध्ये, तात्पुरता कप्पा दोनमध्ये. सूचना निघतात फक्त सात (लोड म्हणजे कप्प्यातून उचल, स्टोअर म्हणजे कप्प्यात ठेव): आय-लोड शून्य, आय-स्टोअर दोन, आय-लोड एक, आय-स्टोअर शून्य, आय-लोड दोन, आय-स्टोअर एक, रिटर्न. हे सगळे कप्पे या मेथडच्या स्वतःच्या फ्रेममधले, म्हणजे त्या कॉलपुरत्या मिळालेल्या जागेतले आहेत. कॉल करणाऱ्याच्या फ्रेममधल्या व्हेरिएबलात लिहील अशी सूचना जेव्हीएमच्या, म्हणजे जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेच्या, यादीतच नाही. इंटऐवजी ऑब्जेक्ट घेऊन तीच मेथड पुन्हा लिही, आय-लोडच्या जागी ए-लोड आणि आय-स्टोअरच्या जागी ए-स्टोअर येईल, बाकी अक्षरही बदलणार नाही. सरांचं 'साधे एका पद्धतीने, ऑब्जेक्ट दुसऱ्या पद्धतीने' हे म्हणणं इथे उघडं पडतं. फील्ड बदलणारी ओळ मात्र पुट-फील्ड या निराळ्याच सूचनेत उतरते, कारण ती कप्प्यात काही ठेवत नाही, पेवात उतरते. मेथड स्टॅटिक नसेल तर शून्य कप्प्यात धिस (ज्या ऑब्जेक्टवर मेथड चालतेय त्याची चिठ्ठी) बसतो आणि पॅरामीटर एकपासून सुरू होतात, ते बघून घाबरू नकोस.

आता डीबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत बघू देणारं अवजार. एक्लिप्स किंवा इंटेलिजेमध्ये मेथडच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट (थांबायची खूण) लाव आणि प्रोग्रॅम डीबगमध्ये चालव. थांबल्यावर व्हेरिएबलांच्या खिडकीत ऑब्जेक्टच्या नावाजवळ एक आकडा दिसेल. एक्लिप्स तो कंसात आयडी म्हणून दाखवतं, इंटेलिजे क्लासच्या नावाला अ‍ॅट हे चिन्ह जोडून. तो आकडा डीबगरने ओळखीसाठी दिलेला असतो, मेमरीतला पत्ता नव्हे, पण आपल्या कामाला तोच पेव नंबर. आता कॉल स्टॅकमध्ये (कुणी कुणाला कॉल केला त्याची यादी) खालच्या फ्रेमवर, म्हणजे कॉल करणाऱ्या मेथडवर क्लिक कर. तिथल्या व्हेरिएबलजवळही तोच आकडा असेल. दोन चिठ्ठ्या, नंबर एकच. मग न्यूची ओळ ओलांडून पुढे जा (एक्लिप्समध्ये एफ सहा, इंटेलिजेमध्ये एफ आठ). वरच्या फ्रेममधला आकडा बदलला, खालच्या फ्रेममधला तोच राहिला. हा पाच मिनिटांचा प्रयोग आहे आणि तो केलेला मुलगा मुलाखतीत या प्रश्नावर अडखळलेला मी पाहिलेला नाही.

परीक्षेपुरतं इथे संपलं असतं. पण पॅरामीटर कसा जातो हे न कळल्याची किंमत खऱ्या कामात कशी मोजावी लागते, ते सांगतो. चूक माझी स्वतःची आहे.

काही वर्षांपूर्वी मी हळदीच्या एका अडत्यासाठी पट्टी छापणारं सॉफ्टवेअर लिहिलं. पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा हिशेबाचा कागद: पोती किती, वजन किती, बारदान (रिकाम्या पोत्याचं वजन) किती वजा, तोलाई, हमाली, निव्वळ रक्कम. त्यात मी नोंदीचा ऑब्जेक्ट घेणारी एक मेथड लिहिली होती. ती पोत्यामागे एक किलो बारदान वजनातून वजा करायची आणि निकाल त्याच ऑब्जेक्टच्या वजन या फील्डमध्ये लिहायची. माझ्या चाचणीत सगळं बरोबर आलं, कारण मी दरवेळी थेट छापून बघत होतो.

दुकानातला दिवाणजी छापण्याआधी स्क्रीनवर पट्टी बघायचा. शहाणपणाचीच सवय. पण बघायचं बटण आणि छापायचं बटण, दोन्ही तीच मेथड बोलवत होती. ४० पोती, ढोबळ वजन २,०४० किलो. स्क्रीनवर २,००० आलं, बरोबर. छापलं तर कागदावर १,९६०. दोनदा बघून छापलं असतं तर १,९२० आलं असतं. एका शेतकऱ्याने पट्टी उन्हात धरून वाचली आणि विचारलं, "ओ, चाळीस किलो गेलं कुठं?" यार्डात असला प्रश्न चारचौघांत विचारला गेला की त्याचा अर्थ एकच निघतो. आधीच्या पट्ट्या काढून सगळ्यांचा फरक चुकता करावा लागला. दिवाणजी दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हता.

चूक सापडली ती मात्र दहा मिनिटांत, वॉचपॉइंटमुळे. ब्रेकपॉइंट एरवी मेथडमधल्या ओळीवर लावतो, तो फील्डच्या ओळीशेजारी लावला की त्याचा वॉचपॉइंट होतो. मग प्रोग्रॅममध्ये कुठूनही त्या फील्डमध्ये काही लिहिलं गेलं की डीबगर तिथेच थांबतो. वजनावर लावला, एक पट्टी बघितली आणि छापली, डीबगर दोनदा थांबला, दोन्ही वेळा त्याच ओळीवर. प्रिंटच्या ओळी पेरून हे शोधत बसलो असतो तर दिवस गेला असता. कॉलेजात वॉचपॉइंट शिकवलेला मला तरी आठवत नाही, आणि कामात त्याच्याइतकं माझ्या उपयोगी पडलेलं अवजार कमी.

यानंतर मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. झेरॉक्स हातात आली म्हणून दुसऱ्याच्या पेवात उतरायचं नाही. बारदान वजा करणारी मेथड आता निव्वळ वजन रिटर्न करते, मूळ नोंदीला हात लावत नाही. जावा १६ पासून रेकॉर्ड हा प्रकार भाषेत कायमचा आला. त्याची फील्ड एकदा भरली की बदलत नाहीत, म्हणून नोंदीसारख्या वस्तूंना मी तोच वापरतो. लिस्ट द्यायची वेळ आली की जावा १० मधली कॉपी-ऑफ वापरून न बदलणारी प्रत देतो. पण ती प्रत वरवरची असते बरं का. लिस्ट नवी, आतल्या चिठ्ठ्या त्याच, आणि चिठ्ठ्यांवरचे पेव नंबरही तेच. लिस्टमधून ओळ कुणाला काढता येणार नाही, पण ओळीवरचा ऑब्जेक्ट रेकॉर्ड नसेल तर त्याचं वजन अजूनही बदलता येईल.

पॅरामीटरला फायनल लावल्याने हे थांबतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. थांबत नाही. फायनलने फक्त झेरॉक्सवरचा नंबर खोडायला बंदी होते, पेवात उतरायला कुणाची बंदी नाही.

स्ट्रिंगबद्दल तू विचारलं नाहीस, पण पुढचा प्रश्न तोच असणार. स्ट्रिंगही ऑब्जेक्ट आहे, तरी मेथडमध्ये तिला काही जोडलं तर बाहेर दिसत नाही. कारण स्ट्रिंगचं पेव एकदा भरलं की कायमचं सील. जोडणी केली की नवं पेव खणलं जातं आणि नवा नंबर झेरॉक्सवर जातो. स्ट्रिंगबिल्डरचं पेव उघडं असतं, म्हणून त्यात जोडलेलं बाहेर दिसतं. आणि दोन बरोबरची चिन्हं चिठ्ठीवरचा नंबर ताडून बघतात, पेवातली हळद नाही, म्हणून स्ट्रिंगला इक्वल्स वापरायचं. इंटिजर ऑब्जेक्टमध्ये तर मोठी गंमत आहे: १२७ आणि १२७ दोन चिन्हांनी ताडले तर सारखे निघतात, १२८ आणि १२८ निघत नाहीत. आपोआप ऑब्जेक्ट बनवताना उणे १२८ ते १२७ यांची पेवं जावा आधीच खणून ठेवते आणि सगळ्यांना तीच देते, त्यापुढे साधारणपणे दर वेळी नवं.

आता टूल. पहिले दोन आठवडे साध्या एडिटरमध्ये लिही आणि जावा-सी (कंपाइल करायला) आणि जावा (चालवायला) या दोन कमांडांनी चालव. हे मी जुन्या वळणाचा म्हणून सांगत नाही. पॅकेज, फोल्डर आणि क्लासपाथ (क्लास कुठे शोधायचे ती यादी) यांचा मेळ एकदा हाताने बसवला नाही, तर 'मेन क्लास सापडला नाही' हा संदेश आयुष्यभर छळतो. दोन-चार ओळींचं काही तपासायचं असेल तर जेशेल आहे, जावा ९ पासून जेडीकेतच येतं. क्लास नको, मेन नको, ओळ लिही आणि उत्तर बघ. पॅरामीटरचे छोटे प्रयोग तिथे फार पटकन होतात.

नंतर आयडीई, म्हणजे एडिटर, कंपाइलर आणि डीबगर एकत्र देणारं टूल. एक्लिप्स २००१ पासूनचं, आयबीएमने खुलं केलेलं. मोफत आहे, जुन्या मशीनवर तग धरतं, डीबगर उत्तम. त्याची एक खोड माहीत असू दे: ते जावा-सी वापरत नाही, स्वतःचा कंपाइलर वापरतं, आणि त्याला चुका असलेला प्रोग्रॅमही चालवता येतो. चूक असलेल्या मेथडला कॉल झाला की मग कोसळतो. मुलांना वाटतं, काल चालत होतं, आज काय झालं. कालही चूक होतीच, त्या मेथडला कुणी बोलावलं नव्हतं. इंटेलिजे माझ्या रोजच्या वापरात आहे. चूक लिहिता लिहिताच कान धरतं, नाव बदलणं, मेथड वेगळी काढणं ही कामं त्याच्यात सर्वांत निर्धोक होतात, आणि शिकायला त्यातला मोफत भाग भरपूर आहे. पण ४ जीबीवर ते रडत चालतं. व्हीएस कोड हलकं वाटतं खरं, पण जावाचं एक्स्टेन्शन टाकलं की पाठीमागे एक्लिप्सचंच कंपाइलरचं यंत्र चालू होतं, मग मेमरीही त्याच मापाने खातं. वेब आणि पायथॉनही करत असशील तर ठीक, निव्वळ जावासाठी मी ते सुचवणार नाही. नेटबीन्स अजून आहे, आता अपाचेकडे. कॉलेजात तेच असेल तर तक्रार करू नकोस, डीबगर त्यातही चांगला आहे.

कोणतंही घे, प्रोजेक्ट मेवनने (प्रोजेक्ट बांधायचं, कुठल्याही आयडीईला न बांधलेलं टूल) बनव. मग तो एक्लिप्समध्येही उघडतो आणि इंटेलिजेमध्येही, आणि ग्रुपमधल्या चौघांकडे चार निराळी टूलं असली तरी अडत नाही.

मराठी नावं छापणार असशील तर आणखी एक. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच फायलींचं मूळ एन्कोडिंग (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) झालं. त्याआधीच्या आवृत्तीवर विंडोजमध्ये ते सांगावं लागतं, नाहीतर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग छापली जाते. विंडोजच्या काळ्या खिडकीचं एन्कोडिंग मात्र वेगळं असतं, म्हणून तिथे नाव बिघडलेलं दिसलं तर आधी फाइलमध्ये लिहून बघ. बऱ्याचदा प्रोग्रॅम बरोबर असतो, खिडकीच आंधळी असते.

लॅपटॉपचं म्हणशील तर ४ जीबीवर आज एक्लिप्स घे, ब्राउझर बंद ठेव, चालेल. नवा घ्यायला घरी सांगू नकोस अजून. आधी मागचं झाकण उघडून बघ, रॅमची दुसरी खाच मोकळी आहे का. असली तर ८ जीबीची पट्टी टाकून घे, आणि हार्डडिस्क जुनी फिरती असेल तर ती काढून एसएसडी बसव. दोन्हींत आधी काय, असं विचारशील तर रॅम. खाच नसेल आणि रॅम बोर्डालाच चिकटवलेली असेल, तर मॉडेलचं नाव कळव, मग बघू.